मुकादमबाईंनी राखलेली ओळ

मुकादमबाई कुठलंही गवत आधी चावून बघायच्या आणि मगच त्याच्याविषयी बोलायच्या. नव्या वाणाचा वाफा दिसला की वाकून एक काडी मोडायची, दाताखाली धरायची, डोळे बारीक करून लांब जालना रोडकडं बघत राहायचं आणि चोथा थुंकून निकाल सांगायचा. "गोड हाय, पण बुडाला लाकूड हाय. म्हैस शेंडा खाईल आन् बूड तुडवील." चाऱ्यावर संशोधन करणाऱ्या त्या केंद्रात मी फेलो म्हणून रुजू झाले, तेव्हा हे बघून मला हसू आलं होतं. गवतातली प्रथिनं काढायला आमच्याकडं प्रयोगशाळा होती, आणि ही बाई दातांनी काढत होती.

केंद्रावर कामाला येणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. नाव सुमनबाई, पण ते फक्त हजेरीपटावर. करमाडहून काळीपिवळी जीपनं यायच्या, डोक्याला पांढरा रुमाल, कमरेला विळा. उतरल्या उतरल्या सगळ्यांना "जयभीम" घालायच्या, साहेब असो की पाणी भरणारा. आमचे वाण आकड्यांनी ओळखले जात. मुकादमबाईंना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. मारवेल गवताचा अकरा नंबरचा वाण उंच, डौलदार. त्याचं नाव 'नवरदेव'. "मिरवायला बरा," असं म्हणायच्या. सात नंबर बुटका, दाट. ती 'धाकली सून'. "बोलत नाय, पण दिसभर राबती."

हे ज्ञान कुठून आलं, ते एकदा जेवताना कळलं. लग्न होऊन करमाडला आल्यापासून त्या लोकांच्या बांधावरचं गवत कापत आणि भारे करून शहरातल्या गवळ्यांना विकत. आमची गंगापूरकडं वडिलोपार्जित शेती, तरी आमच्याच बांधावरची तीन गवतं मला सांगता आली नसती. हे मी कबूल केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा बांध व्हता, म्हून तुम्हाला बघायची गरज पडली नाय. आमचा नव्हता, म्हून समद्या गावाचे बांध फिरले." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

उस्मानपुऱ्यातल्या एका गवळ्याची गोष्ट त्या स्वतःहून सांगायच्या. भारा हलका वाटला म्हणून त्यांनी एकदा तळाला कुसळी गवत दडपलं. टोकदार कुसळं म्हशीच्या जिभेत रुतली आणि तिनं तोंड लावणं सोडलं. "गवळी कायच बोलला नाय. नुसतं मला गोठ्यात नेलं आन् म्हशीचं तोंड उघडून दावलं. त्या दिसापासून गवतात लबाडी बंद."

मला त्यांचं खरं मोल कळलं ते माझ्या चुकीमुळं.

आमचा प्रयोग साधा होता. मारवेलचे सहा वाण, प्रत्येकाचे चार वाफे, चार वेगवेगळ्या गटांत. ज्याचा चारा जास्त आणि चांगला, त्याचे ठोंब, म्हणजे लावणीसाठी मुळासकट काढलेले फुटवे, गायरानांसाठी गावोगाव जाणार. लावणीच्या दिवशी तिसऱ्या गटाला पोहोचलो आणि पावसाची सर आली. मी छत्रीखाली घाईघाईनं पेंढ्यांना चिठ्ठ्या बांधल्या, बायकांनी ठोंब लावून त्याच चिठ्ठ्या वाफ्यांच्या खुंट्यांना अडकवल्या, आणि आम्ही शेडकडं पळालो.

गवत फुलोऱ्यावर आलं तेव्हा मुकादमबाई तिसऱ्या गटात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्याडम, ह्या वाफ्यात धाकली सून हाय आन् पलीकडं नवरदेव. उलटं झालंय."

त्यांना सात नंबर आवडायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, बाई आपल्या लाडकीसाठी भांडते आहे. दहा-बारा बायकांसमोर मी म्हणाले, "मुकादमबाई, नकाशा माझ्याकडं आहे. कुठं काय लावलंय ते मला कळतं."

"बरं," एवढंच म्हणून त्या खुरपायला बसल्या.

कापणी झाली, वजनं झाली. अकरा नंबर थोडक्यात पहिला आला, सात दुसरा. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, फार खूश झाले. अकरा नंबर त्यांनी स्वतः डोंगरातून शोधून आणला होता. अहवाल लिहायला घे, असं त्यांनी मला सांगितलं.

चार दिवसांनी मी मोजपट्टी विसरले म्हणून वाफ्यांकडं गेले. सगळं रान कापलेलं, पण तिसऱ्या गटातल्या दोन वाफ्यांच्या काठाची एकेक ओळ तशीच उभी. मी चिडून मुकादमबाईंना विचारलं, हे का ठेवलं?

"काठाची ओळ तुमी वजनात धरत नाय, ते मला ठाव हाय. म्हणलं, आज नाय तर उद्या म्याडम बघाया येतील. समदं कापलं तर बघणार काय?"

मी गुडघ्यांवर बसले. सात नंबरच्या पेरावर पांढरी, दाट लव असते. अकरा नंबरचं पेर जवळजवळ गुळगुळीत. दोन्ही ओळी तपासल्या. त्यांचंच खरं होतं. वाफ्यांच्या खुंट्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं होतं.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. फेलोशिप मार्चला संपत होती. पुंडलिकनगरच्या घरी वडील माझ्या प्रबंधाची वाट बघत होते, एका महाविद्यालयात जागा निघणार होती. आणि दोन वाणांतला फरक केवढासा! मुकादमबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही, माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघितलंही नाही. शेवटी मीच त्यांना विहिरीजवळ गाठलं. "मुकादमबाई, काय करू?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "मला कशाला इचारता? शिकल्यात तुमी. पण ऐका. हे ठोंब गावात जातील. गवळी निदान मला म्हशीचं तोंड तरी दावू शकला. ज्या गायरानात चुकीचं गवत जाईल, तिथली मान्सं आपल्याला शिव्या बी देणार नाय. त्यांना कळणारच नाय."

मी राखलेल्या दोन ओळींतून एकेक पेंढी कापली आणि मोठ्या सरांच्या खोलीत गेले. ऐकताना त्यांचा चेहरा लाल झाला. "एका मजूर बाईच्या सांगण्यावरून तू वर्ष वाया घालवणार?" त्यांनी मुकादमबाईंना बोलावून घेतलं, मी आणलेल्या दोन पेंढ्या टेबलावर आपटल्या आणि म्हणाले, "ओळखून दाखवा."

मुकादमबाईंनी पेंढ्यांना हात लावला नाही. "साहेब, मी म्हैस नाय, म्होरं गवत टाकून बघायला. मला कशाला तपासता? पेरावरची लव तपासा. ती तुमाला बी दिसंल."

आता हिचं काम जातंय, असं मला वाटलं. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. सरांनी खणातून भिंग काढलं. एक पेर बघितलं, दुसरं बघितलं, खिडकीपाशी जाऊन पुन्हा दोन्ही बघितली. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. "तिसरा गट बाद. त्यातल्या एकाही चिठ्ठीचा आता भरवसा नाही. प्रयोग पुढच्या वर्षी पुन्हा घ्या." मग समोरच्या खुर्चीकडं हात करून मुकादमबाईंना म्हणाले, "बसा."

त्या खोलीत कुठल्याही मजूर बाईला कुणी बसा म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. मुकादमबाई म्हणाल्या, "बसले असते साहेब, पण बाया खोळंबल्यात," आणि निघून गेल्या.

फेलोशिप वर्षभर वाढली, पण महाविद्यालयातली ती जागा गेली. वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी लावणीला मुकादमबाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मी चिठ्ठी बांधली की म्हणायच्या, "वाचा." मी वाचायची. त्या पेंढीतलं पेर बघायच्या आणि मान हलवायच्या, मगच ठोंब मातीत. त्या साली पावसानं ओढ दिली. हलक्या, मुरमाड जमिनीत नवरदेव शेंड्याकडून वाळत गेला आणि धाकली सून हिरवी राहिली. पाणी असलेल्या रानात मात्र अकराच पुढं होता. अहवालात आम्ही दोन्ही लिहिलं. गायरानं सगळी मुरमाड, म्हणून तिथं सात नंबर गेला. मुकादमबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नवरदेवाला बी वाईट म्हणू नका. ज्याचं त्याचं रान असतंय."

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी करमाडला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली लोखंडी खाट. ऋणनिर्देशाचं पान काढून मी वाचलं. सरांच्या नावानंतर त्यांचं नाव होतं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

"म्होरं काय लिवलंय? मजूर?"

"मुकादम लिहिलंय. आणि गवताच्या जाणकार."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच, पोरी." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला म्याडम म्हटलं नाही. मी पुन्हा वाचलं. मग शेजारच्या दोघींना हाक मारून त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या बारीला माझ्या सासूचं बी नाव घाल. बांधावर हात धरून गवत तिनंच शिकवलं मला."

प्रबंध एकदाच लिहितात, हे मी त्यांना सांगितलं नाही. हो म्हणाले.

मुकादमबाई जाऊन आता तीन वर्षं होतील. मी दुसरीकडं शिकवते. मागच्या वर्षी शेतकऱ्यांसाठी चारागवतांची एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिली. अर्पणाचं पान लिहायला बसले आणि लक्षात आलं की सासूचं नाव मी विचारलंच नव्हतं. करमाडला गेले. मुकादमबाईंच्या मुलाला ते आठवेना; "आम्ही आजीच म्हणायचो," म्हणाला. त्यानं मला गल्लीतल्या एका फार म्हाताऱ्या बाईंकडं नेलं. त्यांना ऐकू कमी येत होतं, मुलानं दोनदा ओरडून विचारलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले आणि मग सांगितलं.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन ओळी आहेत. पहिली, कालकथित सगुणाबाई यांना. आणि खाली, त्यांच्या सुनेला, कालकथित सुमनबाई यांना.