साडभाऊची दाढ आणि माझी

साहेबाच्या मुलखापलीकडे कुठेतरी लढाई लागली आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या सालची ही गोष्ट. भातकुलीकडच्या आमच्या गावात लोकांनी उशा उसवून आतला कापूस विकला आणि डोक्याखाली विटा घेऊन झोपू लागले. एका गृहस्थाच्या देवापुढची वात जळून गेली, तर त्याने तीन दिवस सुतक पाळलं. मी स्वतः भेटून आलो त्याला.

अशा दिवसांत माझा साडभाऊ गालात ओंजळभर कापूस कोंबून दिवाळीला सासुरवाडीस आला!

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार अकोल्याचा. सासुरवाडी दोघांची एकच, अमरावतीची. शेत त्याचं मोठं, बैल त्याचे उंच, रंगसुद्धा त्याचाच गोरा. माझ्याकडे काय होतं? सासऱ्यांची ओसरी. तिथे गोष्ट सांगायची ती मीच. मी तोंड उघडलं की सासऱ्यांची चिलीम हातातच विझायची, सासूबाई पोळी तव्यावर टाकून दाराआड येऊन उभ्या राहायच्या. माझ्या गोष्टींपायी त्या घरात जितक्या पोळ्या करपल्या, तितक्या कुणाच्या लग्नात भाजल्या नसतील.

त्या दिवाळीला ओसरी त्याने घेतली. म्हणे अकोल्याला एक दात काढणारा आहे, त्याने याची दाढ उपटली. चार जण उरावर बसले, सकाळी सुरू केलं ते दुपारी निघाली. तोंडात कापूस असल्यामुळे त्याचे शब्द धड कळेनात, म्हणून माणसं आणखीच जवळ सरकली. मी पंधरा वर्षं ओरडून जे मिळवलं, ते हा पुटपुटून मिळवत होता. सासूबाईंनी आपल्या हाताने शिरा केला. “जवाईबापू, लई दुखून राहिलं काय?” असं त्यांनी दाराआडून अकरा वेळा विचारलं. मी मोजत होतो. मला गोष्ट सांगा असं एकदाही कुणी म्हटलं नाही.

परत येताना बैलबंडीत बायको म्हणाली, “त्याईची दाढ दुखते, अन् तुमचं पोट दुखून राहिलं.”

“माझीही दाढ दुखते,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

“परवापासून.”

खोटं नव्हतं ते. मागची एक दाढ हलत होती, फक्त तिची किंमत मला तोवर कळली नव्हती.

आठवड्याच्या आत मी बंडी जुंपून अकोल्याला गेलो. तिथल्या कापसाच्या बाजारातून चार हमाल सोबत घेतले. एकेकाचा दंड असा, की त्यावर माणसाने पथारी टाकावी. कुणी कुठला हात धरायचा, कुणी छातीवर बसायचं, सगळं त्यांना शिकवलं. आपण निदान दोनदा तरी बेशुद्ध पडावं अशी माझी फार इच्छा होती.

मोर्णा नदीच्या काठी निंबाखाली दात काढणारा बसला होता. चिमणीएवढा बुढा. पुढे फडकं आणि त्यावर जोंधळ्यासारखी दातांची रास.

“आ करा,” तो म्हणाला.

मी आ केला. त्याने दोन बोटं आत घातली. मी हमालांना खूण करायला हात उचलला, किंकाळीसाठी छातीत हवा भरली.

“झालं,” बुढा म्हणाला.

“काय झालं?”

“दाढ.” त्याच्या तळहातावर ती होती. स्वच्छ. रक्ताचा ठिपका नाही.

“पण मी अजून ओरडलो नाही!”

“ओरडा ना बाप्पा, कोण नाई म्हणते?”

मी ओरडलो, पण त्यात काही जीव नव्हता. एका हमालाने विचारलं, “मालक, आता धरू काय?”

माझं डोकं फिरलं. “माझ्या साडभाऊले दुपार झाली, अन् माझं चुटकीत? काहून? मी काय हलका माणूस दिसून राहिलो तुमाले?”

“कोन साडभाऊ? ते उंच, गोरे?” बुढा हसायला लागला. “त्याईची तर याच्याहून लवकर निघाली. दुपार झाली ती वेगळ्यानं. पाळी आली की ते मागच्याले पुढं सरकवत. असे चाळीस जण सरकवले.”

“मग माझी दुसरी काढा.”

त्याने माझा एकेक दात वाजवून पाहिला. “हे तुमच्यासंगं मसणात जातीन.”

“निदान गालात कापूस तरी भरा!”

“रगत नाई तर कापूस कायले? लोक म्हणतीन बुढ्याचा हात बिघडला. घरी जाऊन भरा, अन् माझं नाव नका सांगू.”

निघालो तेव्हा मी हिरमुसलो होतो, पण मूर्तिजापूर येईतो खुशीत आलो. साडभाऊचं बिंग माझ्या मुठीत होतं! कसं फोडायचं ते मी बैलांना तीनदा सांगून पाहिलं. बडनेऱ्याला पोचल्यावर मात्र बैल थांबवले. त्याची दाढ दोन बोटांनी निघाली म्हणालो, तर बुढा तोच, बोटं तीच. माझी तरी कशी निघाली म्हणून लोक विचारणारच.

महिन्याभराने सासुरवाडीत मेहुण्याच्या पोराचं जावळ होतं. मी साडभाऊपेक्षा दुप्पट कापूस कोंबून गेलो. ओसरी भरली होती, साडभाऊही आला होता. मी सुरू केलं. चार हमाल थकले, मग दाढेला दोर बांधला, एक बैलजोडी जुंपली, ती हलेना म्हणून दुसरी जुंपली... सासऱ्यांची चिलीम विझली. दाराआड बांगड्या वाजल्या. ओसरी परत माझी झाली होती.

तेवढ्यात साडभाऊने घसा खाकरला. त्या बुढ्याची दोन बोटं त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक होती?

“खरं आहे,” तो म्हणाला. “मी होतो तिथं. पण साडभाऊ, तुमचं एक सांगाचं राहिलं.”

“काय?” मी कसाबसा म्हणालो.

“दाढ निघाली तरी बैल थांबलेच नाई ना! दाढ ओढत थेट बाळापूरच्या वेशीपर्यंत गेले. लोकाईले वाटलं नांगर चालून राहिला. दाढेनं जमिनीत पडला तो तास अजून तसाच आहे. पुढच्या साली त्यात सरकी पेरणार म्हणे.”

ओसरी फुटली. सासऱ्यांना हसून हसून ठसका लागला. सासूबाई जन्मात पहिल्यांदा दाराबाहेर आल्या, आणि पाहिलं कुणाकडे? त्याच्याकडे.

सासऱ्यांनी पुढे मरेपर्यंत ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. ‘आमच्या मोठ्या जवायाची गोष्ट’ म्हणून सांगितली. दाढ माझी, जबडा माझा, बैलसुद्धा मीच जुंपले होते. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. ते बैल बाळापूरच्या पुढे न्यावेत म्हणून मी अजूनही अधूनमधून खटपट करतो. पार बुऱ्हाणपुराकडे वळवून पाहिलं. पण वेशीपाशी आले की मेले तिथेच उभे राहतात.