माझ्या व्याह्यांचा दणका

दोन हजार सोळा साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी माझी मुलगी अशा घरी दिली, जिथला कर्ता माणूस वस्तू तुटली की खूश होतो. असा माणूस उभ्या नागपुरात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. माझं शिक्षण चौथी नापास. पण जरीपटक्यातलं भांड्यांचं दुकान स्वतःच्या बळावर उभं केलेलं, त्यामुळे कोणापुढे वाकायची सवय नाही. माझे व्याही, आमच्याकडे इवाई म्हणतात, कॉलेजात धातूंचे प्रोफेसर. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. पोह्यांच्या प्लेटा बाजूला ठेवून अॅल्युमिनियमचा ट्रे उलटा केला आणि नखाने वाजवत बसले. "हा कुठचा जी?" एवढंच बोलले. मुलगी आत येऊन म्हणाली, "बाबा, इथंच द्या मले. या घरात मले कोणी काही विचारणार नाही."

लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून वरणाची बादली पडली. बाया ओरडल्या, पोरं हसली, आणि नवरदेवाचा बाप वरणात उकिडवा बसून बादलीचा चेपलेला काठ पाहत होता. रस्त्यात स्कूटर धडकली तर हे आधी पडलेल्याला उचलून ऑटोत बसवणार आणि मग परत येऊन मोडक्या स्कूटरजवळ तासभर थांबणार. लोक नातवांचे फोटो दाखवतात, हे रुमालात बांधलेले तुटके तुकडे दाखवत. कॉलेजात त्यांनी स्वतः एक लांबलचक यंत्र जुळवलं होतं. नळीतून हवेच्या दाबाने लोखंडी दांडा सुटायचा, दुसऱ्या दांड्यावर आदळायचा, आणि पुढे धरलेला अॅल्युमिनियमचा पेराएवढा तुकडा चेचला जायचा. त्यांचं म्हणणं, धातूत रव्यासारखे दाणे असतात. दाणा बारीक केला की धातू बळकट होतो, पण हळू दाबला तर एका तऱ्हेने वागतो आणि झटक्यात हाणला तर दुसऱ्याच. "बारीक दाण्याचा ना, इवाईबुवा, शेवटपर्यंत ऐटीत उभा राहते. मंग सारा मार एकाच बारक्या पट्टीत घेते, अन् तिथंच तिरपा चिरते." हे सांगताना ते माझ्याकडेच का पाहायचे, मला ठाऊक नाही.

लग्नात मी दुकानातला सगळ्यात जड अॅल्युमिनियमचा गंज दिला होता. पुण्याकडचे त्याला उंच पातेलं म्हणतील. पहिल्या दिवाळीला हे गृहस्थ सगळ्या नातेवाइकांसमोर पेढे आणि रुमालाची पुरचुंडी घेऊन माझ्या घरी हजर. गंजाचा काठ कापून त्यांनी यंत्रात घातला होता. "तुमचा गंज लय सुंदर तुटला, इवाईबुवा! असा तुटलेला म्या नाही पाहिला." माझा मेहुणा फिसकन हसला. त्याचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

"लग्नातली वस्तू फोडली, अन् वरून पेढे?" मी म्हणालो. "आता तुमच्या उंबऱ्यावर माझा पाय पडणार नाही."

त्यांनी मान डोलावली. "त्याच मालातला अजून एखादा असंल का?"

त्यानंतर अनेक वर्षं मी मुलीच्या घरी गेलो नाही. दुःख एवढंच की भांडण मी एकटाच चालवत होतो. त्यांना ते कळलंच नव्हतं. दर रविवारी दुकानात येऊन स्टुलावर बसायचे, माझाच चहा प्यायचे आणि जाताना म्हणायचे, "एकदा यंत्राचा दणका पाहाले या." त्यांच्या साऱ्या नोकरीत घरचं कोणीच तो पाहायला गेलं नव्हतं. बायकोला आवाज सहन होत नसे, मुलाला सवड नसे.

मग ते रिटायर झाले. शाल, नारळ, दोन भाषणं, आणि अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या. यंत्राच्या खोलीत म्हणे आता कॉम्प्युटर बसणार, आणि यंत्र भंगारात जाणार. शिकल्यासवरल्या लोकांची ही रीत. गंजाची गोष्ट मी विसरलेलो नव्हतो, पण शेवटच्या दुपारी गेलो. कॉलेज म्हणजे काही त्यांचा उंबरा नव्हे. दाराशी भंगारवाले नट खोलायचे पाने घेऊन ताटकळले होते. इवाईंनी मला पाहून चष्मा पुसला, कोट चढवला, तुकडा बसवला.

"डोळे उघडे ठेवा जी."

धाड! तुकडा तिरपा चिरून खाली पडला होता. नेमकी तेव्हाच माझी पापणी लवली होती.

"दिसलं?"

"काय खाक दिसलं! झालं कवा, तेच समजलं नाही."

ते हसले. "मले बी नाही दिसलं कधी. जिंदगीभर पाहून राहिलो. मागाहून तुकडा पाहूनच समजून घ्या लागते."

"मंग मले काहून बोलावलं?"

"न दिसणारं एकट्यानं किती दिवस पाहावं जी?"

भंगारवाल्यांनी तोवर पहिला नट सैल केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटो करून त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत सोफ्यावर इवाई बूट घालून, भांग पाडून, मांडीवर डबा घेऊन बसले होते.

"कुठं निघाले?" मी बाहेरूनच विचारलं.

"कुठंच नाही. तुमच्या पोरीनं सवयीनं भरून देला."

मी चपला काढल्या, आत गेलो, त्यांच्या शेजारी बसून डबा उघडला. वांग्याची भाजी होती. एक पोळी त्यांच्या हातावर ठेवली, एक मी घेतली.