पाव फेऱ्याची सवय

अनगोळातल्या भावकूला एक वाईट खोड होती. दुसऱ्याची चूक तो जपून ठेवायचा, अधूनमधून काढून पुसायचा आणि परत ठेवून द्यायचा. सख्ख्या धाकट्या भावाची, जोतिबाची, एक चूक त्यानं अशी चार वर्षं जपली होती.

चूक लग्नपत्रिकेतली. जोतिबाच्या लेकीचं, सौम्याचं लग्न. पत्रिका खडेबाजारात छापायला दिलेली. निमंत्रकांत पहिलं नाव थोरल्या चुलत्याचं, म्हणजे भावकूचं हवं. ते निघालं पार तळाशी, ‘समस्त भावकी’च्या डोक्यावर, कुठल्याकुठल्या चुलत-मालतांच्या रांगेत. प्रेसवाल्याचं चुकलं, असं जोतिबानं गावभर सांगितलं. फक्त भावकूच्या दारात येऊन सांगितलं नाही. मग भावकूनंही मांडवात अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता सरळ घर गाठलं. थोरला न जेवता गेला हे जोतिबाला लागलं. दोघांच्या दारांत वीस पावलांचं अंतर, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

शेत वाटलं, गोठ्यात मधे भिंत घातली, पण पिकअप काही वाटता येईना. दोघांनी बारा वर्षांमागं मिळून घेतली होती, आणि घेतली तेव्हाच ती जुनी होती. म्हणून पाळी लावली: एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. कोबी, गाजर, रताळी, ज्याच्या रानात जे असेल ते भरायचं, मार्केट यार्डला टाकायचं, आणि परत आल्यावर किल्ली गोठ्याच्या खिळ्याला अडकवायची. निरोप द्यायचा झाला तर भावकूची रुक्माबाई परसात जाऊन जोतिबाच्या मालुबाईला सांगायची. जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. कामाच्या रगाड्यात त्यांना रुसायला फुरसत नव्हती.

त्या पिकअपच्या स्टेअरिंगला प्ले होता. प्ले म्हणजे काय, तर चाक फिरवावं आणि पाव फेरा फुकट जावा. गाडीला त्याचा पत्ताच नसावा. तिथून पुढं ती वळायला लागायची. दोघा भावांच्या हातांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की वळण यायच्या आधीच हात पाव फेरा मारून तयार असत. नवखा कुणी चालवायला बसला तर घाबरून उतरायचा. या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आणि हे भावकूसारख्या माणसानं चालवून घ्यावं, ही खरी गंमत. तीस वर्षं तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होता. केसभर फरक त्याच्या बोटांना कळायचा. दुसऱ्याचं मशीन खडखडलं तर जेवता जेवता उठून जाणारा माणूस. पण पिकअप दोघांची, मग मी एकट्यानं का हात लावू, ही त्याची अढी. जोतिबाची अढीही तीच. गाडी बिचारी दोघांच्या मधे झिजत राहिली.

मग एकदा रुक्माबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “भावजींचा खांदा लई दुखतोय म्हणं. स्टेअरिंग वडून वडून. मालू रोज तेल लावत्या.”

भावकूला ते लागलं. जोतिबाला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं, कापणी झालेल्या मोकळ्या रानात, त्याच्या हातांवर आपले हात ठेवून. तोच खांदा. भावाची माया दाटून आली म्हणून आपण स्पेअर पार्टच्या दुकानात चाललोय, असं कुणी म्हटलं असतं तर भावकू मारायला धावला असता. पण तो गेला तेवढ्यासाठीच.

पुढच्या आपल्या पाळीला त्यानं भाजी भरलीच नाही. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकवर घेतला आणि रुक्माबाईला हाक मारली.

“बस स्टेअरिंगवर. डावीउजवीकडं हलव नुस्तं.”

“मला येतंय व्हय गाडी चालवायला?”

“चालव कोण म्हणतंय? ताक घुसळल्यागत हलव.”

ती हलवत राहिली आणि हा खाली उताणा पडून बघत राहिला, कुठला जोड उशिरा हलतो ते. पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही सांधे गेलेले. ते काढायला गंज सोडेना, तर दोन्हीकडून दोन हातोडे एकदम मारून त्यानं ते सोडवले. जुना सांधा किती आटे आत होता ते खडूनं दारावर लिहिलं, नवा तेवढेच आटे बसवला. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू जरा जरा करत आवळला. जास्त आवळला तर चाक जड होतं, कमी आवळला तर काम फुकट. मग मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांपर्यंत सुतळी ताणून, पुढची चाकं सरळ रेषेत आणली. पिना घातल्या, ग्रीस भरलं. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. एवढं मन लावून त्यानं नोकरी सुटल्यापासून काही केलं नव्हतं.

मग गाडी काढून पाहिली. गोठ्यापुढं वळवताना त्याच्या हातांनी सवयीनं पाव फेरा आधीच मारला, आणि गाडी थेट गवताच्या गंजीत घुसली. भावकूनं कचकन ब्रेक मारला. क्षणभर बावरला, आणि मग एकटाच मोठ्यांदा हसला. काम फक्कड झालं होतं! गल्लीत दोन फेऱ्या मारल्यावर हात ताळ्यावर आले. मग एका बोटानं गाडी वळायला लागली. ती त्यानं गल्लीतच, उताराकडं तोंड करून लावली.

रुक्माबाई दारात उभी होती. “मालूला सांगून येऊ काय? उद्या भावजींची पाळी हाय.”

इथं भावकूनं एक शब्द उच्चारला असता, नुसती मान हलवली असती, तरी चाललं असतं. पण त्यानं मनात एक चित्र रंगवून ठेवलं होतं. जोतिबा पहाटे बसेल, चाक धरेल, चकित होईल. कुणी केलं हे त्याला विचारावं लागणार नाही. मग तो वीस पावलं चालत येईल आणि आधी तो बोलेल. आपण सांगायला माणूस पाठवला की आपण आधी बोलल्यासारखं झालं.

“काय सांगू नगंस,” भावकू म्हणाला. “त्येच्या हाताला कळंल.”

पहाटे जोतिबानं कोबी भरला. आपल्या दारात भावकू तांब्या घेऊन, तोंड धुण्याच्या निमित्तानं उभा. गाडी सुरू झाली, गल्ली सरळ, उताराची. कोबीचं ओझं मागं. भावकू कान देऊन ऐकत राहिला. गल्लीच्या टोकाला नाल्यावरची मोरी आणि तिथंच उजवीकडं काटकोनी वळण. बारा वर्षांत दोघांनी ते हजारदा घेतलेलं, डोळे मिटूनही घेतील असं. जोतिबानं नेहमीच्या जागी, नेहमीसारखा हात आधीच मारला.

आवाज भावकूच्या दारापर्यंत आला. तो तांब्या टाकून धावला.

गाडी कठडा फोडून नाल्यात कलंडली होती. कोबीचे गड्डे पाण्यात तरंगत होते. जोतिबाचा उजवा हात दार आणि कठडा यांच्यामधे सापडला होता.

जोतिबा वाचला. हात कापावा लागला नाही, पण कोपराखाली त्यात जीव उरला नाही. डॉक्टर म्हणाले, घास उचलेल कधीतरी, यापुढं गाडीचं नाव काढू नका.

गावाला एवढं पुरे होतं. आदल्या दिवशी भावकू गाडीखाली झोपलेला सगळ्यांनी पाहिला होता. चार वर्षांचा अबोला, आणि एकाएकी दुरुस्तीचा पुळका? काहीतरी ढिलं करून ठेवलंन, असं लोक बोलायला लागले. त्यानं आयुष्यात काही ढिलं ठेवलं नव्हतं! पोलिसांनी शामू मेकॅनिकला बोलावून गाडी तपासली. शामूनं एकेक पिन बघितली आणि भावकूपुढंच सांगितलं, “कामात खोट न्हाय साहेब. नव्या गाडीला असतंय तसं स्टेअरिंग हाय.” लोकांनी तो विषय सोडला. भावकूला मात्र ती शाबासकी सोसवेना. खोट निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. खोटीला निदान माफी मागता येते.

जोतिबा घरी आल्यावर आठव्या दिवशी मालुबाई बोलवायला आली. भावकू ती वीस पावलं चालून गेला. काय बोलायचं ते त्यानं मनात घोकून ठेवलं होतं: पत्रिकेचं, पंगतीचं, खांद्याचं. जोतिबा खाटेवर, हात उशीवर ठेवलेला.

जोतिबाच आधी बोलला. चार वर्षं भावकूनं ज्याची वाट पाहिली, ते असं झालं.

“अण्णा,” तो म्हणाला, “दुरुस्त केल्यावर तू चालवून बघितलास?”

“व्हय.”

“तुझा बी हात चुकला काय?”

भावकूला गवताची गंजी आठवली. आपलं मोठ्यांदा हसणंही आठवलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

“चुकला,” तो म्हणाला. “गंजीत घुसलोतो.”

जोतिबानं तोंड भिंतीकडं केलं. मालुबाईनं चहा आणला तोवर भावकू उठून दाराशी गेला होता.

पिकअप दुरुस्त होऊन परत आली. किल्ली अजून त्याच खिळ्याला असते. भावकू रोज सकाळी ती घेतो, दोन्ही घरांची भाजी भरतो आणि मोरीवरचं वळण एका बोटानं घेतो. आता रोज त्याचीच पाळी असते.