बादशहाचा अंगरखा

पडदा सरकला की आधी दिसतात ते मुकुट. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या एका तळमजल्याच्या घराची पुढची खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मुकुट, त्यांच्याखाली दोरीवर वाळत घातल्यासारख्या दाढ्यामिशा, कोपऱ्यात लाकडी तलवारींचा भारा, आणि सगळ्यावर डांबरगोळ्यांचा वास. शेजारून कुकरच्या शिट्ट्या, बाहेरून रिक्षांचे भोंगे. आणि मधोमध, शिलाई मशीनवर वाकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेली वेणूबाई. दारावर रंग उडालेली पाटी: 'वेणूबाई ड्रेपरी. नाटक, गॅदरिंग, मिरवणूक यांचे कपडे भाड्याने मिळतील.'

वेणूबाई कोरेगावाकडची. लग्न करून आली ती थेट मार्केटात. नवरा बाजीराव तुर्भ्याला कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहायचा. अंगाने दांडगा, आणि आवाज असा की एका गाळ्यात खाकरला तर चौथ्या गाळ्यातला व्यापारी मान वर करायचा. मार्केटातल्या गणपतीत माथाडी दरवर्षी एक ऐतिहासिक नाटक बसवायचे आणि बादशहा ठरलेला असायचा: बाजीराव. तो रंगमंचावर आला की पब्लिक हुर्यो करायचं, कांद्याची सालं फेकायचं. प्रयोग संपला की डोक्यातली सालं झटकत तो वेणूबाईला विचारायचा, "काय गं, आज शिव्या किती पडल्या?"

"तुमच्या आईपोतर गेली की लोकं!"

"मंग झ्याक झालं म्हनायचं," असं म्हणून तो पोटभर जेवायचा.

या बादशहासाठी वेणूबाईने पहिला अंगरखा शिवला. कुणा व्यापाऱ्याच्या घरातला जुना जांभळा मखमली पडदा आणि तिच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूची जर. कापड एकाच अंगरख्यापुरतं होतं आणि नाटकात भारी पोशाखाची माणसं दोन: एक बादशहा आणि एक मराठा सरदार. सरदार व्हायचा बाजीरावाचा जोडीदार हौसेराव. तिने डोकं चालवलं. अंगरख्याला दोन्ही बाजूंना बांधायचे बंद लावले. डाव्या अंगाला बांधून वर मंदील चढवला की सरदार. उजव्या अंगाला बांधून दाढी लावली की बादशहा. हौसेराव प्रवेश संपवून घामाघूम आत आला की तिथेच अंगरखा काढायचा आणि बाजीराव तसाच ओला अंगात घालायचा. त्यामुळे त्या नाटकात सरदार आणि बादशहा कधी समोरासमोर आलेच नाहीत. पब्लिकला वाटायचं, काय डावपेच चाललेत!

बाजीराव गेला. नाटकं थांबली, कारण मार्केटातल्या पोरांना डीजे हवा होता. पण अंगरखा चालत राहिला. शाळा, कॉलेजं, ऑफिसं, सोसायट्या, सगळीकडे तो हिंडून आला. वेणूबाईने त्याची जर दोनदा बदलली, अस्तर कितीदा बदललं ते तिलाच माहीत.

यंदा तो गेला घणसोलीच्या एका सोसायटीत. महाप्याला कंप्युटरच्या कंपनीत काम करणारी वैदेही नावाची मुलगी सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी नाटक बसवत होती. तिचा बादशहा नाटकभर जुलूम करायचा, माणसं मारायचा, आणि शेवटच्या प्रवेशात स्वतःच्या मुलाच्या प्रेतापाशी बसून रडायचा. बादशहाचं काम ऋषी करत होता, बँकेतला हडकुळा पोरगा. अंगरख्याच्या बाह्या आखूड करायला वेणूबाई तालमीला गेली आणि टाचण्या तोंडात धरून तो प्रवेश बघत राहिली. बाजीरावाला असं रडायला कधी कुणी दिलं नव्हतं. त्याला नुसतं खदाखदा हसायला लावायचे. तिला वाटलं, आज तो असता तर या पोराला बाजूला सारून स्वतः उभा राहिला असता.

तालमीत कुणीतरी मोबाइलवर नेमका तेवढा रडण्याचा तुकडा काढला. बाकीचं नाटक गेलं कुठे, कुणी विचारलं नाही. 'सोसायटीत बादशहासाठी रडारड. हिंदूंनो, झोपलात काय?' एवढ्या ओळीसकट तो गावभर फिरला.

सव्वीसच्या संध्याकाळी, वेणूबाई विंगेत ऋषीची दाढी चिकटवत असताना, पोरं घुसली. गळ्यात गमछे, हातात मोबाइल. खुर्च्या मोडल्या, पडदा ओढून पाडला. एकाने ऋषीची दाढी धरून अशी खेचली की तिच्याबरोबर गालाची सालही निघाली. दुसऱ्याच्या ठोशाने ओठ फाटला. "त्यांच्यासाठी रडतोस काय? जा की मग तिकडं!" ऋषी हा सोमणांचा मुलगा. त्याला कुठे जायला सांगताहेत ते त्याला कळेचना. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, की तांत्रिक अडचणीमुळे नाटक रद्द झालं आहे, सर्वांनी जेवून जावं.

दुसऱ्या दिवशी तीच पोरं वेणूबाईच्या दारात. सगळ्यांत पुढे विश्वजित. तिच्या गल्लीतलाच, माथाड्याचा मुलगा. बालवाडीच्या गॅदरिंगला याला मावळा केला होता तो वेणूबाईनेच. मिशी लावताना गुदगुल्या होतात म्हणून सारखा हसत होता.

"आजी, त्यांचे कपडे बाहेर काढ."

"कुनाचे रं?"

"तुला म्हाईत हाय कुणाचे. बादशहाचे. दाढ्या, टोप्या, सगळं."

"आरं इश्वा, दाढी काय त्येंची आन् आपली आस्ती का? हीच दाढी परवा शाळंत वसिष्ठ ऋषीला लावली."

"म्हातारे, लेक्चर नको," मागून एकजण म्हणाला.

"लेक्चर न्हाई बाबा. धंदा हाय माझा. वाईट मानूस नसंल तर तुमचा चांगला मानूस लढनार कुनाशी? भिंतीशी?"

कुणी हसलं नाही. पेटी उलटी केली गेली. जांभळा अंगरखा सगळ्यात वर होता, कारण ती आदल्या रात्रीच त्याची उसवलेली बाही शिवून बसली होती. वसिष्ठांच्या दाढीसकट सगळं चौकात नेलं, वर पेट्रोल ओतलं. मखमल भर्रकन पेटत नाही, आधी धुमसते. तोवर घोषणा देऊन झाल्या, आणि अंगरख्याची जर काळी पडत गेली ती वेणूबाई बघत राहिली. समोरच्या शेवंताबाईंनी खिडकी लावून घेतली. सोळा सोमवारांचं उद्यापन असो नाहीतर नातीचं बारसं, वेणूबाईशिवाय ज्यांचं पान हलायचं नाही त्या शेवंताबाई.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने तिला खुर्ची दिली, चहाही मागवला. "आजी, तक्रार लिहून घेतो मी. पण राहायचं तुम्हाला तिथंच आहे. आणि असले कपडे ठेवताच कशाला?"

"तुमी खाकी ठेवता नव्हं? मी बी पोलिसाचा डगला ठेवते. चोराचा बी ठेवते. त्यो बी जाळू का?"

हवालदाराने चहा पिऊन घ्यायला सांगितलं.

आठवड्याने वैदेही आणि ऋषी उरलेले कपडे परत करायला आले. ऋषीच्या ओठावर टाके होते. वैदेहीने सोसायटीच्या ग्रुपवर माफी मागितली होती. कशाबद्दल, ते तिलाही नीट सांगता येईना.

"पुढच्या वर्षीपासून फक्त गाणी आणि फॅशन शो, मावशी. कमिटीचं ठरलंय. इतिहास नको म्हणाले."

"आन् तुमी व्हय म्हनालात?"

"काय करू? आईला फोन येतात. घाणेरडे."

राग कुणावर काढायचा तेच वेणूबाईला कळेना. या मुलीवर? ती तर रडवेली झाली होती. वेणूबाईने कपड्यांच्या घड्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. ऋषी जाताना म्हणाला, "तो शेवटचा प्रवेश एकदा तरी करायचा होता, मावशी." मग दोघंही गेली. खोलीत ती आणि मुकुट. तिला बाजीरावाचा भयंकर राग आला. सगळ्या मार्केटाच्या शिव्या खाऊन हसत घरी यायचा. इतकं सोपं कसं होतं त्याला?

फेब्रुवारीत शिवजयंतीच्या आधी विश्वजित आला. एकटाच, चपला बाहेर काढून. जणू मधे काही झालंच नव्हतं.

"आजी, मिरवणुकीत मी सरदार आहे. घोड्यावर. तो भारीतला अंगरखा दे ना. बारका असताना बघितलाय मी. जांभळा, जरीचा. हौसेराव आजोबा घालायचे तो."

वेणूबाईने मशीन थांबवलं.

"त्यो तू जाळलास."

"तो बादशहाचा होता."

"त्योच हौसेरावाचा. डाव्या अंगाला बांधला की तुमचा, उजव्या अंगाला बांधला की त्येंचा. एकच व्हता, इश्वा. दोघांच्या घामानं अस्तर कुजायचं, मी बदलून बदलून थकले."

विश्वजितला आता काही उमगेल, तो मान खाली घालेल, असं तिला क्षणभर वाटलं. तो हसला.

"आजी, तू पण ना! कायपण फेकते. बरं, नसेल तर नवीन शिव. टेन्शन नको घेऊ, कापड मी आणतो. एकदम कडक पायजे."

तिला ओरडावंसं वाटलं. मुकुट भिंतीवरून ओढून त्याच्या अंगावर फेकावेसे वाटले. हाकलून दिला तर हा दादरहून नायलॉनचा चकचकीत झगा आणणार आणि त्यातच खूश होणार. तिने चष्मा वर सरकवला, गळ्यातली टेप काढली आणि त्याला उजेडात उभा केला. छाती, खांदा, बाही. मग खडूने जुन्या वर्तमानपत्रावर खुणा केल्या. डाव्या बाजूला बंदांच्या, आणि उजव्याही बाजूला.

"दोन्हीकडं कशाला?" विश्वजितने विचारलं.

"शिवते मी," वेणूबाई म्हणाली. "पन मिरवनूक झाली की धुवून, इस्त्री करून आनून द्यायचा. बादशाला लागनार हाय."