कपाटामागचं दार

नांदुऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यातल्या त्या सिस्टरबाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आवाज मात्र असा, की त्यांनी 'पुढचा!' म्हटलं की स्टेशनात उभी मालगाडी हलायची.

पूर्वी तिथं गरिबांनी पुढच्या दारी ताटकळायचं आणि बड्यांनी मागच्या दारानं थेट डॉक्टरांपुढं जायचं, असा रिवाज. सुधारणेसाठी मुंबईहून समिती येईल म्हणून आम्ही वाट पाहत बसलेलो. बाईंनी आल्या आल्या औषधांचं लोखंडी कपाट मागच्या दाराला लावलं. एकटीनं! त्या धक्क्यानं तिकडं लोणारचं पाणी हिंदकळलं म्हणे. मग चपलांची रांग सुरू केली. माणसं निंबाखाली बसत, चपला उन्हात उभ्या राहत.

एकदा निम्मा तालुका नावावर असलेले एक पाटील गुडघा धरून आले. रांगेत पुढं एका मजूर बाईची तुटकी स्लीपर होती. तिच्या कडेवरचं लेकरू तापानं निपचित पडलेलं.

"मले काऊन थांबवता? ओळखलं नाही काय?"

"ओळखलं ना पाटील! पण डॉक्टर चपलेचा नंबर पाह्यते, सातबारा नाही. ठेवा बूट."

लेकरू आधी आत गेलं आणि सुई टोचताच असं रडलं, की बाई खदखदून हसल्या, "हाव, आता वाचते हे!" मग डॉक्टरांनी पाटलांचा गुडघाही नीट तपासला, फुकटात.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर रांगेत पहिले बूट पाटलांचेच. एक जण तसाच आत घुसत होता. निंबाखालून पाटील गरजले, "काऊन बे? चप्पल ठेव लाइनीत!"