सागरमित्रांची मासोळी

संसदेच्या दालनात काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यातल्या मासोळ्यांना जन्मभर जपणारे एक सेवक होते. सगळे त्यांना मासेकाका म्हणत. घरी बायको टोमणा मारी, "पोरांना कधी इतक्या मायेनं भरवलं नाहीत." काका हसून म्हणत, "अगं, माशांना भरवायचं नसतं, हात आवरायचा असतो. चिमूटभर पुरे."

समुद्ररक्षणाचे विधेयक चर्चेला येणार, त्या सकाळी खासदारांच्या हृदयात भक्तीचा महापूर लोटला. प्रत्येकाला मासोळ्यांना घास घालतानाचे छायाचित्र हवे होते. काका हात जोडून टाकीसमोर उभे राहिले.

"साहेब, आता पुरे. जास्त झालं की मरतात हो."

"काका, समुद्राची सेवा चाललीय. तुम्ही आडवे येता?" असे म्हणून खासदारांच्या सागरमित्र गटाच्या अध्यक्षांनी मूठ टाकीत रिकामी केली. मागे विरोधी नेते मूठ भरून उभेच होते. एवढ्या एका कार्यात दोन्ही बाकांचे एकमत झाले.

दुपारी पाणी गढुळले आणि काकांची लाडकी, म्हातारी, सोनेरी मासोळी उताणी तरंगू लागली. काकांनी तिला ओंजळीत घेतले.

सभागृह हेलावले. शोकप्रस्ताव आला, सारे स्तब्ध उभे राहिले आणि दिवंगत जिवाच्या सन्मानार्थ कामकाज तहकूब झाले. विधेयक तसेच राहिले.

जाता जाता सागरमित्रांच्या अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. उद्या नवीन आणू."

"विधेयक?"

"मासोळी हो."

काकांनी खाद्याचा डबा कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली घरी नेली.