ऐकणारी ईरम्मा

सोलापूरच्या गिरणीतल्या बायका भांडायच्या ते ऐकायला नव्हे, बघायला जावं लागे. शेजारच्या माग खात्याचा गडगडाट एवढा, की सुताची कांडी भरायच्या खात्यात कुणी बोंब मारली तरी शेजारणीला पत्ता लागत नसे. म्हणून बायकांनी आवाजच सोडून दिला होता. हात कांडीवर, डोळे समोरचीच्या तोंडावर, आणि ओठ असे ताणून ताणून चालायचे की शब्द न् शब्द दिसावा. सासूचे उद्धार, जावेच्या नकला, कुणाचा कुणावर डोळा, सगळं बिनआवाजी. वर्षानुवर्षं असं बोलून ती खोड अंगातच मुरायची. घरी चुलीपुढं बसूनसुद्धा बायका तोंड वासायच्या आणि आवाज काढायला विसरायच्या, मग नवरे खेकसायचे.

या विद्येत सगळ्यांची गुरू म्हणजे नाईकीण केराबाई. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणं हे तिचं काम, आणि त्यांच्या भानगडी गोळा करणं हा तिचा धर्म. या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या बाईचे ओठ वाचायची. देवानं तिला कान उगाच दिले, असं बायका म्हणत, अर्थात तिच्याकडे पाठ करून.

ईरम्मा तिच्या अगदी उलट. वळसंगची लिंगायत बाई, नवरा तरुणपणीच गेलेला, पोरबाळ नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गालात तंबाखूची गुळणी. त्या गुळणीमुळेच ती गप्प असते, असा केराबाईचा शोध होता. पण ईरम्माला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी खात्यात फिरते आहे, असं कधी घडलं नव्हतं, हे केराबाईलाही मान्य करावं लागे. दुःखानंच मान्य करी बिचारी.

मोठा संप मिटला आणि गिरणीत नवा मॅनेजर आला. बायका कामावर येता येता मध्येच का खचतात, मशीनपुढं उभ्या उभ्या का रडतात, याचा त्याला घोर लागला. त्यानं गोदामाशेजारची एक खोली रिकामी करवली आणि फर्मान काढलं. ज्या बाईला घरचं काही दुखतंय तिनं मधल्या सुट्टीत इथं यावं, मन मोकळं करावं, आणि इथं बोललेलं कुणाच्या, अगदी साहेबाच्याही, कानावर जाणार नाही. ऐकायला कोण बसवू, असं त्यानं बायकांनाच विचारलं. सगळ्यांनी ईरम्माचं नाव घेतलं. केराबाईनंही घेतलं, पण जरा थांबून, आपलं नाव कुणी घेतंय का हे बघून.

ईरम्मानं गळ्यातल्या चांदीच्या डबीतल्या लिंगावर हात ठेवला आणि बायकांना सांगितलं, "हितलं हितंच ऱ्हाईल. म्या मेले तर माझ्यासंगं जाईल."

बंद खोलीत काय चालतं असा वहीम कुणाला नको, म्हणून साहेबानं कांडी खात्याकडं उघडणाऱ्या दाराला वरच्या अर्ध्यात काच बसवून घेतली. आवाज बाहेर जात नव्हता. बायका येऊ लागल्या, रडून जाऊ लागल्या. ईरम्मा फार काही करत नसे. कुणाला दवाखान्यात नेई, कुणाला रजा मागून देई, एरवी नुसती ऐके.

श्रावणाच्या तोंडावर नीलम्मा आली. कांडी खात्यातलीच, नवरा संगप्पा माग खात्यात, घरी सासू शिवबाई, जिला ती अत्ती म्हणे, आणि चार वर्षांची लेक चंद्रव्वा. तिचं तान्हं पोर महिन्यापूर्वी गेलं होतं. आचके येऊन गेलं, असं ती सगळ्यांना सांगत होती. त्या दिवसापासून तिनं तोंडातून धड आवाज काढला नव्हता.

कुणी येतंय का ते दिसावं म्हणून ती दाराकडं तोंड करून बसली. ईरम्मा तिच्यासमोर, दाराला पाठ करून. भिंतीलाही ऐकू जाऊ नये म्हणून नीलम्मानं आवाज पार गिळला, आणि खात्यात बोलतात तसं नुसत्या ओठांनी सांगितलं.

"अक्का, आचके न्हाईत. म्या मारलं त्याला."

कामावर येताना पोराला अफूची कणी चाटवायची आणि सुटायचा भोंगा होईपर्यंत झोपवायचं, हे गिरणीतल्या कितीतरी आया करायच्या आणि एकही बोलायची नाही. त्या दिवशी पोर रडायचं थांबेना, कामाचा भोंगा तर वाजून गेलेला. नीलम्मानं एकीच्या जागी दोन कण्या दिल्या.

"अत्तीला कळलं तर चंद्रीला वढून न्हेतील," तिचे ओठ सांगत होते. "म्हणतील, हिच्या हातात दुसरं ल्येकरू कसं ठिवायचं? आणि काय चूक हाय त्यांची?"

ईरम्मानं तिचे दोन्ही हात धरले. "झोपावं म्हून दिलीस. मरावं म्हून न्हाय. येवढं ध्यानात ठिव."

नीलम्मा पुष्कळ रडली, तेही बिनआवाजी. त्या दुपारी तिनं डब्यातली अख्खी भाकरी खाल्ली.

आणि त्याच आठवड्यात शिवबाई गिरणीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, कडेवर चंद्रव्वा. सुटलेल्या बायकांच्या गर्दीत तिनं नातवाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. "अफू घालून मारलंस गं माझ्या लेकराला! हिला तरी जगू दे!" चंद्रव्वाला तिनं मोडनिंबला नीलम्माच्या नणंदेकडं पोचवलं ते पोचवलंच. संगप्पानं बायकोवर हात उचलला नाही. बोलणं मात्र टाकलं. मारलं असतं तर बरं, असं नीलम्मा शेजारणीला म्हणाली.

गोष्ट कुठून फुटली? बायकांनी विचारलं तेव्हा केराबाई म्हणाली, "खोलीतलं हाय." यात खोटं एक अक्षर नव्हतं! ईरम्माकडं बघून बायका थुंकू लागल्या.

ईरम्मा स्वतःलाच तपासत राहिली. देवापुढं पुटपुटले का? तापात बरळले का? खोलीत आता कुणी येत नव्हतं. एका दुपारी ती सहज नीलम्मा बसली होती त्या जागी बसली आणि काचेतून पार खात्याच्या टोकापर्यंत नजर गेली. तिथं एक बाई केराबाईला विनवत होती. ईरम्माला शब्द न् शब्द कळला, "नाईकीणबाई, धाकटीला ताप हाय, लौकर सोडा." नीलम्माही याच काचेकडं तोंड करून बोलली होती, हे आठवून ईरम्मा उठली.

नळावर तिनं केराबाईला गाठलं.

"तू वाचलंस."

"म्या काय कान लावला व्हय दाराला? दिसलं ते दिसलं. डोळं मिटून हिंडू काय?" केराबाई आधी फणकारली. मग ईरम्माचं तोंड बघून तिचा सूर उतरला. "शिवबाईला म्या न्हाय सांगितलं. एकीलाच बोलले हुते. पोरगी न्हेतील असं कुटं ठावं हुतं मला? ईरम्माक्का, तुमचं नाव उगा खराब झालं. म्या जाते, नीलीला सांगते की तुमी न्हाय, काचंतनं दिसलं म्हून."

"म्हंजे काय सांगशील?" ईरम्मा म्हणाली. "तुझ्या हातानं ल्योक गेला आणि तुझ्याच तोंडानं ल्येक गेली, आसं? जगंल का ती?"

केराबाईनं नीलीकडं जायला उचललेलं पाऊल मागं घेतलं.

"जल्मभर बोललीस. आता येवढ्यापुरती गप बस." ईरम्मानं कळशी उचलली.

आणि नवल म्हणजे केराबाई गप्प बसली. ईरम्मा देवाघरी जाईपर्यंत बसली, मग मात्र तिनं सगळं व्याजासकट सांगून टाकलं. इकडं त्याच महिन्यात बायकांनी साहेबाकडं तक्रार नेली. ईरम्माला परत कांडीवर धाडलं आणि खोलीत सुताच्या पेट्या रचल्या.

दिवाळीनंतरच्या मंगळवारच्या बाजारात नीलम्मा तिच्यासमोर आली. वाळून काटकी झालेली. बराच वेळ नुसते ओठ हलले, मग घोगरा आवाज फुटला.

"लिंगावर हात ठिवला हुता तुमी. येवढंच सांगा मला, का बोललात?"

ईरम्मानं जवारीच्या ढिगाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"चुकलं बाई. माझ्या जिभंला हाड न्हाय."

 आणि मग नीलम्माच्या तोंडून जे सुरू झालं! मराठी, कानडी, दोन्हीतल्या ठेवणीतल्या शिव्या. तुझं वाटोळं होईल, तुला पाणी पाजायला कुणी असणार नाही, माझी चंद्री खाल्लीस रांडे. सगळा बाजार वळून बघायला लागला. ती दोन पावलं जायची, परत फिरायची, आणखी मोठ्यानं ओरडायची. पोर गेल्यापासून तिचा आवाज एवढा कुणी ऐकला नव्हता.

ईरम्मानं एकदाही मान खाली घातली नाही. नीलम्मा बाजाराच्या कमानीबाहेर जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, ऐकत.